अभिनय की चळवळ? शबाना आझमीच्या वाटेबद्दल, सोलापूरच्या एका मुलीला

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे कामगारवस्तीतल्या एका मुलीचा आहे. आई घरी विड्या वळते. मुलगी युवा महोत्सवातून पुढे आली, एकांकिका करते, राज्य नाट्य स्पर्धेत उतरते आणि विडी कामगारांच्या मोर्चात पथनाट्यंही करते. आता तिला मुंबईहून एका मालिकेसाठी बोलावणं आलंय. नाटकातली माणसं तिला सांगतात, चळवळीचा शिक्का बसला की कामं मिळत नाहीत. चळवळीतली म्हणतात, मालिकेत गेलीस की तू आमची राहणार नाहीस. आणि गंमत अशी की दोघंही नाव एकच घेतात, शबाना आझमीचं. तिनं विचारलंय: शबानानं दोन्ही कसं सांभाळलं? आणि कैफींच्या घरात जन्मलेल्या बाईचं उदाहरण माझ्यासारखीच्या काय उपयोगाचं?

मी सोलापुरात बरीच वर्षं नाटकं बसवते, मुलामुलींना अभिनय शिकवते. मला जे कळतं ते सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते. तो रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढचं सगळं सांगितलं तर तुला ते खरं वाटणार नाही.

शबानाचा जन्म १८ सप्टेंबर १९५० चा, हैदराबादचा. ते तिच्या आईचं माहेर. वडील कैफी आझमी, उर्दूतले मोठे शायर आणि कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ माणूस. आई शौकत, पृथ्वी थिएटर आणि इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेची नटी. म्हणजे शब्द, रंगमंच आणि लाल झेंडा हे तिन्ही तिला पाळण्यातच मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पैसा मिळाला नव्हता. तिचं लहानपण मुंबईत रेड फ्लॅग हॉल नावाच्या जागेत गेलं. तिथे पक्षाची कुटुंबं एकेका खोलीत राहायची आणि मोरी-संडास सामाईक. शौकत नाटकाच्या दौऱ्यावर निघाल्या की लेकीला बरोबर घेऊन जायच्या. चांगल्या इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायची वेळ आली तेव्हा आईबापांना इंग्रजी येत नाही म्हणून दुसऱ्याच दोघांना पालक म्हणून उभं करावं लागलं, हा किस्सा तिनंच सांगितलेला आहे. तुमच्या गल्लीतल्या कुणालाही हे घर परकं वाटायचं नाही.

वारशाचंच म्हणशील, तर ज्या इप्टात शौकत काम करत होत्या, त्याच वाऱ्यात आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे होते. इप्टाची स्थापना १९४३ साली मुंबईत झाली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं गिरणगावातल्या कामगारांपुढे जे केलं, त्याचीच नातवंडं म्हणजे तुमची पथनाट्यं. तुझ्याजवळ मुंबईतल्या ओळखी नाहीत, हे खरं आहे. वारसा नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं असं की एवढं घरचं वातावरण असूनही तरुणपणी आपल्याला राजकारणात रस नव्हता, हे शबानानं स्वतः वेळोवेळी सांगितलंय. चळवळीत ती रक्तानं गेली नाही. भूमिकांनी तिला तिकडे नेलं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथून पुढचं नीट वाच.

आधी ती फक्त अभिनय शिकली. सेंट झेवियर्स कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, तिथे फारूक शेख यांच्याबरोबर हिंदी नाट्य मंच सुरू केला. जया भादुरीचं पदविकेसाठी केलेलं काम पाहून तिनं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची वाट धरली. तिथे रोशन तनेजांसारखे अभिनयाचे शिक्षक होते. तिथून ती बाहेर पडली आणि १९७४ साली श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ आला. तो बेनेगलांचा पहिला कथापट. पहिल्याच प्रदर्शित चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘अंकुर’ तू पाहिला नसशील तर बघच, आणि सोलापूरकरानं तर कानानं बघावा. त्यातली हिंदी हैदराबादेकडची, दख्खनी वळणाची. आपल्याकडे विजापूर वेशीत, बेगम पेठेत, नई जिंदगीत रोज ऐकू येते ना, ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’, तिची सख्खी बहीण. मुंबईत वाढलेल्या मुलीनं ती इतकी सहज तोंडात बसवली की शब्द शिकवलेले वाटत नाहीत. लक्ष्मी ही मुक्याबहिऱ्या कुंभाराची बायको, जमीनदाराच्या मुलाच्या घरी राबणारी. त्या मुलापासून तिला दिवस जातात. शेवटी तो घाबरून तिच्या नवऱ्याला चाबकानं मारतो, तेव्हा लक्ष्मी धावत येऊन त्याला जे तळतळाट देते, तो भाग मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते. आवाज कुठून निघतो ते बघा म्हणते. गळ्यातून नाही, पोटातून.

या भूमिकेसाठी तिला उकिडवं बसता येणं गरजेचं होतं, आणि शहरी कपड्यांत वाढलेल्या मुलीला ते जमेना. बेनेगलांनी तिला जेवणसुद्धा तसंच खाली उकिडवं बसून घ्यायला लावलं. शूटिंग बघायला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी तिला विचारलं, हिरॉइन कुठाय? ती म्हणाली, आज आली नाही, मी तिची आया. पोरांना ते पटलं आणि पोरं निघून गेली. तेव्हा बेनेगल म्हणाले, आता टेबलावर जेवायला हरकत नाही.

आता आपल्याकडची स्थिती बघ. विडी कामगार बाई रंगवायची म्हटलं की आमच्या पोरी तोंडाला काळं फासतात, साडी फाडतात, केस विस्कटतात आणि पहिल्याच वाक्यापासून रडका सूर लावतात. तुझ्या आईकडे बघ. मांडीवर सूप, डोळे टीव्हीवर नाहीतर शेजारणीवर, आणि बोटं मात्र थांबत नाहीत. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, सगळं बोलता बोलता. ती हसते तेव्हाही हात चालूच असतात, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि थांबलेला हात म्हणजे गेलेले पैसे. मान एका बाजूला किती वाकते, उठताना हात कुठे टेकते, कारखान्यात माल देताना विड्या बाद झाल्या की चेहऱ्यावर काय होतं. हे तुला घरबसल्या दिसतं. शबानाला जे कमवावं लागलं ते तुझ्या चटईवर बसलेलं आहे, आणि मोर्चातल्या पथनाट्यातसुद्धा मला ते दिसायला हवं. घोषणा तर सगळेच देतात.

‘अंकुर’नंतरची वर्षं मी भराभर सांगते. बेनेगलांचे चित्रपट, सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’, सई परांजपेंचा ‘स्पर्श’. आणि त्याच काळात ‘अमर अकबर अँथनी’सारखे तद्दन गल्लाभरू चित्रपटही. ते करताना ती लाजली नाही आणि त्यामुळे तिचं दुसरं काम हलकं झालं नाही. मालिकेत गेल्यानं आपण बाटू, अशी भीती तुला घातली जाते आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वळण आलं ते १९८२ मध्ये, ‘अर्थ’नं. महेश भट्ट यांचा चित्रपट. नवरा दुसऱ्या बाईकडे जातो, पुढे परत यायला बघतो, आणि ही बाई त्याला घेत नाही. तिच्यावर प्रेम करणारा दुसरा चांगला माणूस समोर उभा असतो, त्यालाही ती नम्रपणे नाही म्हणते. हा शेवट लोकांना चालणार नाही, असं वितरकांचं म्हणणं होतं. चित्रपट चालला. पण शबानाच्या आयुष्यात खरी उलथापालथ झाली ती त्यानंतर. बायका तिच्याकडे येऊ लागल्या. सही मागायला नव्हे. आपल्या घरातलं सांगायला, सल्ला विचारायला, जणू ही आपलीच बहीण आहे आणि हिला वाट माहीत आहे. ती घाबरली, हे तिनंच सांगितलंय. पडद्यावर आपण एक निर्णय घेतला, पण खऱ्या बाईनं तो घेतला तर ती जाणार कुठे, खाणार काय, याचं उत्तर आपल्याजवळ नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ते उत्तर शोधत ती स्त्रीचळवळीजवळ गेली.

याला मी भूमिकेचं देणं म्हणते. बहुतेक नट ते फेडत नाहीत. मेकअप उतरवला की संपलं. तिनं मात्र ते अंगाला लावून घेतलं. ‘पार’मध्ये बिहारमधून परागंदा झालेली भूमिहीन मजूर बाई केली, ‘खंडहर’ केला, आणि ‘अर्थ’सह या तीन चित्रपटांसाठी लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय पुरस्कार घेतले. (पाचवा पुढे ‘गॉडमदर’साठी.) पण या भूमिका करता करता बेघर माणसाचा प्रश्न तिच्या आयुष्यात कायमचा येऊन बसला.

१९८६. मुंबईत कफ परेडजवळ संजय गांधी नगर नावाची झोपडपट्टी होती. तिथली बरीच माणसं म्हणजे शेजारचे टोलेजंग मनोरे ज्यांनी बांधले तेच मजूर. वस्ती पाडली गेली. आदल्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं होतं. पण त्याच निकालानं नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली होती. म्हणजे कागदावर हक्क होता आणि बुलडोझर दारात होता. वस्तीतले लोक, माहितीपट करणारे आनंद पटवर्धन आणि शबाना उपोषणाला बसले. तेव्हा ती ऐन भरात असलेली तारका होती. आई काळजीनं हवालदिल झाली. बाहेरगावी असलेल्या कैफींची तार आली, तिचा अर्थ एवढाच: शुभेच्छा, कॉम्रेड. पाचव्या दिवशी उपोषण सुटलं, आणि वस्तीला गोरेगावात दिंडोशीला पर्यायी जागा मिळाली.

अशी छायाचित्रं पुष्कळ कलाकारांची असतात. एक उपोषण, एक मोर्चा, एक मेणबत्ती. शबानाचं वेगळेपण त्या पाच दिवसांत नाही, त्यानंतरच्या वर्षांत आहे. निवारा हक्क सुरक्षा समितीबरोबर ती राहिली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या हजारो कुटुंबांसाठी चांदिवलीला संघर्षनगर उभं राहिलं, त्यामागे याच समितीचं काम आहे. १९९७ ते २००३ ती राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होती, तेव्हाही झोपडीवासीयांच्या घरांचा विषय तिनं सोडला नाही. वडिलांनी आझमगड जिल्ह्यातल्या मिजवान या आपल्या गावी मुलींसाठी काम सुरू केलं होतं. १० मे २००२ रोजी कैफी गेले आणि ते काम तिनं अंगावर घेतलं. तिथल्या बायकांच्या हातचं चिकनकाम पुढे मोठमोठ्या फॅशन शोपर्यंत पोचलं.

एकच प्रश्न धरायचा आणि म्हातारं होईपर्यंत सोडायचा नाही. हे सोलापुरात तुला कुणी वेगळं शिकवायला नको. कुंभारीला जाऊन ये. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं तिथे उभी आहेत. कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, पै पै भरत राहिल्या, तेव्हा कुठे २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या वसाहतीचं लोकार्पण झालं. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. एवढ्या बायकांनी स्वतःच्या नावावर घर मिळवलं, आणि आपल्या रंगमंचावर त्यावर एक धड नाटक नाही, याची मला फार खंत आहे. तू कुंभारीत राहणाऱ्या बायकांशी बोलून ते लिहू शकतेस. मी बसवून देईन.

रंगमंचाविषयी आता. शबानाला लोक पडद्यावरून ओळखतात, पण तिच्या अभिनयाची कसोटी मला विचारशील तर ‘तुम्हारी अमृता’. १९९२ पासूनचं, फिरोज अब्बास खान यांनी बसवलेलं. एक बाई, एक पुरुष, दोघं प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेले, हातात पत्रं. वाचतात. उठत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, नेपथ्य नाही. लहानपणापासून सुरू झालेला पत्रव्यवहार मृत्यूपर्यंत जातो. फारूक शेख आणि शबानानं ते वीस वर्षांहून जास्त केलं. डिसेंबर २०१३ मध्ये ताजमहालाच्या सान्निध्यात प्रयोग झाला आणि त्याच महिन्यात फारूक गेले.

या नाटकात एकही घोषणा नाही. दिवसा झोपडपट्टीच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांशी भांडणारी बाई संध्याकाळी हे करत होती, आणि एकानं दुसऱ्याला बिघडवलं नाही. आमच्या चळवळीतल्या चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांना हे पटत नाही. प्रत्येक कलाकृतीत आपला मुद्दा आलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. मला तो आग्रह नटासाठी घातक वाटतो. तू पथनाट्य कर, त्यात मुद्दा ठणकावून मांड, ती त्या प्रकाराची गरजच आहे. पण हुतात्मा स्मृतिमंदिरात जेव्हा दोन अंकी नाटकात उभी राहशील, तेव्हा त्या बाईलाच बोलू दे. तिची मतं तुझ्या मतांच्या विरुद्ध असली तरी.

किंमतीचंही लिहायला हवं. १९९८ च्या अखेरीस दीपा मेहतांचा ‘फायर’ आला आणि चित्रपटगृहांवर हल्ले झाले. शबाना तेव्हा खासदार होती, तरी ती भूमिका केली म्हणून तिला काय काय ऐकावं लागलं. २००० साली त्याच दिग्दर्शिकेच्या ‘वॉटर’साठी तिनं डोक्याचे केस पूर्ण उतरवले. वाराणसीत सेट मोडून टाकला गेला, शूटिंग बंद पडलं. काही वर्षांनी तो चित्रपट श्रीलंकेत झाला तेव्हा तिची भूमिका सीमा बिस्वास यांनी केली. केस गेले, भूमिकाही गेली. तेव्हा शिक्का बसला की कामं जातात, असं नाटकवाले सांगतात ते सपशेल खोटं नाही. कधीकधी जातात. तिचीही गेली. पण तिला ‘अभिनेत्री’ म्हणून कुणी पुसू शकलं नाही, कारण तोवर तिची तालीम आणि तिचं काम पक्कं झालं होतं. म्हणून मी आधी अभिनय, आधी अभिनय, असं तुझ्या डोक्यात भरवत असते. पद्मश्री १९८८ ची, पद्मभूषण २०१२ चं, आणि सत्तरी ओलांडल्यावरही मोठ्या पडद्यावर भूमिका. एवढी लांब पल्ल्याची कारकीर्द नुसत्या राजकीय भूमिकेच्या धारेवर टिकत नाही, रोजच्या कसबावर टिकते.

स्मिता पाटीलचं नाव तू घेतलं नाहीस, पण ते आल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा, म्हणजे ‘अर्थ’च्याच वर्षाचा. त्यातही बाई घर सोडते, आणि तिच्यासाठी परतीची वाट उरत नाही. स्मितानं मुंबईतल्या स्त्रियांच्या संघटनेबरोबर काम केलं. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. दोघींची तुलना करत बसण्यात लोकांनी फार वेळ घालवला. ‘अर्थ’मध्ये दोघी समोरासमोर आहेत, तो प्रसंग बघ आणि दोघींकडूनही घे.

आता तुझ्या निर्णयाकडे. मालिकेला जा, असंच मी म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून. मालिकेचा दिवस बारा-तेरा तासांचा असतो आणि पैसे बहुतेकदा तीन महिन्यांनी हातात येतात, तेव्हा सुरुवातीचे महिने मुंबईत राहण्याखाण्याची तजवीज करूनच सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बस. करारावर सही करण्याआधी तो जाणकाराकडून वाचून घे. दुसरीकडे काम करण्यावर बंदी आहे का, नाटकाच्या तारखा मागता येतील का, सोशल मीडियावर आणि जाहीर सभेत बोलण्यावर काय अटी आहेत, हे तिथेच लिहिलेलं असतं. आवडलं नाही तर विचार. पहिल्या कामाला फार घासाघीस करता येत नाही हे मला माहीत आहे, पण विचारलेलं वाया जात नाही.

चळवळीतल्या मंडळींची नाराजी मला समजते. त्यांना एक नटी नव्हे, एक कार्यकर्ती गमावल्यासारखं वाटतंय. त्यांना दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे पथनाट्यकार सफदर हाश्मींची गोष्ट माहीत असेल. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मोलोयश्री आणि जन नाट्य मंचाच्या कलाकारांनी त्याच जागी जाऊन तेच नाटक पुरं केलं. त्याच महिन्यात दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शबाना मंचावर उभी राहिली आणि त्या खुनाचा निषेध वाचून दाखवला. मोलोयश्री गल्लीत होती, शबाना झगमगाटात. हाश्मींसाठी दोघींचीही गरज होती.

पण एक काम जाण्याआधी कर. तुमच्या पथनाट्यातली तुझी भूमिका आजवर एकट्या तुझ्या अंगात आहे. संहिता कुठे नीट लिहिलेलीसुद्धा नाही. ती लिहून काढ, आणि गटातल्या निदान दोघींना तुझी जागा बसवून दे. गाण्याच्या चाली फोनवर रेकॉर्ड करून ठेव. तेलुगू बोलणाऱ्या बायकांसमोर कुठली वाक्यं बदलतेस तीही लिही. पुढचा मोर्चा निघेल तेव्हा तू गोरेगावच्या सेटवर असलीस तरी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर प्रयोग झाला पाहिजे.